सातव्या महिन्यातली वांगी

माय, तू वांगी कापलीस म्हणून काही झालं नव्हतं. आधी हे सांगतो, बाकीचं मागून.

मी पोटात होतो, तुला सातवा महिना होता. आभाळ भरलेलं, त्यामुळं ग्रहण लागल्याचं तुला कळलंच नाही आणि तू विळीवर वांगी चिरलीस. आत्यानं ते पाहिलं. पुढं मला चालताना धाप लागायची, तेव्हा ती म्हणायची, "पोटुशीनं ग्रहणात कापलं की लेकरात खोट राहतीच." तू मान खाली घालून भाकरी थापायचीस. मीही सोडलं नाही. शाळेच्या शर्यतीत अर्ध्यातच खाली बसलो, पोरं हसली, आणि घरी येऊन चुलीपुढं तुला म्हणालो, "तूच केलंस हे." तव्यावरची भाकरी करपली, एवढंच. त्यानंतरच्या प्रत्येक ग्रहणात तू उपाशी, दोन्ही हात मांडीवर ठेवून देवापुढं बसलेली मला दिसतेस. पोटुशी नव्हतीस, तरी.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी, गेल्या साली, खुलताबादचा घाट चढताना मी रस्त्यातच बसलो. लेकीनं संभाजीनगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तिच्याच वयाची. तिनं कागदावर चार खोल्यांचं घर काढलं आणि वरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत पेनानं भोक दाखवलं. "काका, हे जन्मापासून आहे. डावीकडचं रक्त यातून उजवीकडं येतं आणि पुन्हा फुफ्फुसाकडं जातं. उजव्या बाजूला जन्मभर जास्तीचं काम पडलं, म्हणून धाप." मी लाजत तुझी वांगी सांगितली. ती हसली नाही. "कितवा महिना?" "सातवा." "काका, ही भिंत दुसऱ्या महिन्यातच घडते. सातव्यात त्यांनी अख्खा मळा कापला असता, तरी इथं ओरखडा आला नसता."

तो कागद मी मागून घेतला. मांडीच्या शिरेतून तार नेऊन डॉक्टरांनी भोकावर जाळीची छोटी चकती बसवली. छाती उघडावीच लागली नाही. सहा महिन्यांनी वेरूळच्या महादेवाचं दर्शन घेऊन तोच घाट पायी चढलो, एकदाही न बसता. वर पोचल्यावर एकटाच एवढ्या मोठ्यानं हसलो की चरणाऱ्या शेळ्या वळून बघायला लागल्या.

यंदा लेकीला सातवा लागला आणि संध्याकाळी ग्रहण आलं. ग्रहण सुटल्यावरच्या जेवणासाठी ती दोडके चिरायला बसली, आणि आत्या, अजून आहे ती, खाटेवरून कडाडली, "ठेव ती सुरी! तुझ्या आजीनं कापलं अन् बापाच्या काळजाला भोक पडलं!" मी देवापुढं जप करत होतो. माळ हातात तशीच धरून उठलो, कागद आत्यापुढं उलगडला, बोट ठेवून सगळं सांगितलं.

"लई मोठा डाक्टर झालास व्हय?"

"झालो, आत्या. माझ्या मायनं काही केलं नव्हतं."

ज्या घरात ते बोललं गेलं, त्याच घरात हे मोठ्यानं बोललो, माय. आत्यानं कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग लेकीला म्हणाली, "बारीक चीर गं. मला दात नायत."

नात झाली. ठणठणीत आहे. हे लिहिलेलं आता पोथीत ठेवतो, त्या कागदाजवळ. एक मात्र राहिलं. तिला पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, तेव्हा कोणी बघत नाही असं पाहून मी तिच्या छातीला कान लावला. तू माझ्या छातीला लावायचीस, तसाच.