बोनेटची डावी कड

अण्णा, परवा दुपारी डॉक्टरांची काळी गाडी माझ्याकडे आली. कुठले डॉक्टर हे तुम्हाला सांगायला नको. घाटकोपरचे, ज्यांची गोल दिव्यांची परदेशी गाडी दर वर्षी दसऱ्याच्या तोंडावर तुमच्या गॅरेजला चमकवायला यायची, तेच. तेही आता नाहीत. गाडी त्यांची मुलगी ठेवते, जिवापाड जपते. ती चावी देऊन गेली आणि पुढच्या तासाभरात मला जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बायकोला सांगायला गेलो तर तोंडातून धड वाक्य फुटेना. मग म्हटलं, ज्यांच्याशी भांडायचंय त्यांनाच लिहू या.

तुम्ही गेलात तेव्हा मी पवईला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. आता नाही. नऊ वर्षं झाली, मुलुंडला एक गाळा घेतलाय आणि तुमचंच काम करतो. नाव तेवढं बदललंय, आता त्याला डिटेलिंग म्हणतात. गाळ्याला एसी आहे, छताला ओळीनं लाइटी आहेत, पण काम तेच: मशीन, पॅड, कंपाउंड आणि रंगावरचे बारीक ओरखडे घालवणं. येणारी माणसं मात्र औरच आहेत. गाडी हे त्यांचं दैवत. रविवारी येतात, स्टुलावर बसतात आणि आत पोराचं ऑपरेशन चालल्यासारखे माझ्या हाताकडे बघत राहतात. ‘कंपनीचा रंग’ हा त्यांच्यात मानाचा शब्द. नवा रंग काय, कुणीही मारून देतो. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग अंगावर टिकवला तर ती खरी शान. आणि तो किती टिकलाय हे आता नजरेनं सांगून चालत नाही. तळहाताएवढं यंत्र मिळतं, पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी आकड्यात दाखवतं. तुम्ही हसला असता. तुमचं यंत्र म्हणजे तुमचा अंगठा.

डॉक्टरांची मुलगी चाळिशीला टेकलेली, बोलायला एकदम रोखठोक. ‘पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे,’ ती म्हणाली. ‘पॉलिश नंतर करा. आधी मला सांगा, ही ओरिजिनल पेंट म्हणून लावता येईल का? आणि गोड बोलू नका प्लीज. खरं काय ते सांगा.’ मी कोण हे तिला माहीत नव्हतं. कुणा मित्राकडून नंबर मिळाला होता. मीही ओळख दिली नाही. देणार कोणत्या तोंडानं? तीच गाडी मी एकोणीस वर्षांचा असताना खराब केली होती.

तो दिवस तुम्ही विसरला नसणार. नवरात्रातली अष्टमी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे मशीन पुजायला ठेवायचं, त्याला कामाला लावायचं नाही. सगळ्या गाड्या अष्टमीलाच उरकायच्या म्हणून गॅरेजात ही झुंबड. तुम्ही पहिल्यांदाच मला डॉक्टरांच्या बोनेटला मशीन लावू देताय. ‘डावी बाजू मी करतंय, तू उजवी घे,’ म्हणता. मी तुम्ही शिकवलंत तसा आधी कडेला टेप लावतो, कारण पत्रा जिथे वळतो तिथे रंग सगळ्यात पातळ. माझी बाजू उरकते, टेप काढतो. टेपखालची पट्टी जरा मंद दिसते म्हणून तिच्यावरून हलकी एक फेरी मारतो. एकच. आणि काळ्यातून राखाडी प्रायमर, रंगाखालचं अस्तर, वर येतो, चांगला वीतभर. ‘अण्णा, एकच फेरी मारली,’ मी म्हणतो. तुम्ही त्या कडेवरून अंगठा फिरवता, बराच वेळ फिरवता. मग चार माणसांसमोर म्हणता, ‘एका फेरीत रंग जाता काय रे? खोटा बोलतंस माझ्याकडे? हात जड आसा तुझो, तां तरी कबूल कर.’

हात जड, हे मी पचवलं असतं. नवशिक्याचा हात जडच असतो. पण खोटा? दुसऱ्या दिवशी पाटावर मशीन ठेवून तुम्ही हळदकुंकू लावत होतात. मी फूल वाहायला पुढे झालो तर तुम्ही माझा हात बाजूला केलात. दुपारी विक्रोळीच्या आपल्या खोलीत आईनं ताट वाढलं. ‘तेंचा बोलणा मनात घेव नको. जेव आधी,’ ती म्हणाली. मी जेवलो, आणि दिवाळी झाल्यावर गॅरेज सोडलं. त्यानंतर चौदा वर्षं आपण एका घरात राहिलो, एकाच भाजीला मिळून नावं ठेवली, क्रिकेटच्या मॅची पाहिल्या, पण त्या फेरीबद्दल अवाक्षर नाही. मी पहिली गाडी घेतली तेव्हा तुम्ही बोनेटवरून अंगठा फिरवलात आणि ‘बरी आसा’ म्हणालात. मला तो टोमणाच वाटला. सगळ्यात वाईट काय झालं ते सांगू? हळूहळू मलाच वाटायला लागलं की मी दोन-तीन फेऱ्या मारल्या असतील. एका फेरीत रंग जात नाही हे कुणीही सांगेल, मग माझंच काहीतरी चुकलं असणार. माझ्या स्वतःच्या आठवणीवर माझा भरवसा राहिला नाही. अजूनही कुणी ‘खरं सांगा’ म्हटलं की मी उगाच घाबरतो.

तर परवा मी यंत्र टेकवलं. छत, दरवाजे, डिकी, सगळीकडे रंग जिथल्या तिथे, जाड, जुना, कंपनीचा. बोनेटवर टेकवलं आणि आकडा एकदम निम्म्याखाली. मला वाटलं सेल गेले. बदलले. तेच. मधोमध, पुढे, काचेजवळ, तेच. अण्णा, ते बोनेट कुणीतरी सोलून ठेवलं होतं. थोडं थोडं, वर्षानुवर्षं. त्या बोनेटवर माझं मशीन आयुष्यात एका दुपारी चाललंय, तेही अर्ध्यावर. मग बाकीचा रंग नेला कुणी? तरीसुद्धा मी तुमचीच बाजू घेत होतो, खरंच. म्हटलं, नंतर दुसऱ्या कुणीतरी घासलं असेल. मग डाव्या कडेवरचं मेण पुसून काढलं आणि लाइट आडवी धरली. बोटाएवढी पट्टी, ब्रशनं रंग भरलेली. तिच्यावर ओल्या सँडपेपरच्या बारीक रेषा, काचेकडून गाडीच्या नाकाकडे, सगळ्या एकाच दिशेनं. असा पेपर मारणारा अख्ख्या घाटकोपरात एकच माणूस होता. आणि ही डावी कड, जिथे मी गेलोच नव्हतो.

मी स्टुलावर बसलो. ‘डावी बाजू मी करतंय’ असं तुम्ही का म्हणालात ते मला परवा, पोरंबाळं झाल्यावर, डोक्याला टक्कल पडल्यावर कळलं. ती कड तुमच्या हातून आधीच गेली होती. त्या बोनेटमध्ये दम उरला नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या कडेवर अंगठा फिरवत तुम्ही उभे राहिलात, तेव्हा एका फेरीत रंग जाऊ शकतो हे त्या गॅरेजात फक्त एका माणसाला कळत होतं, आणि त्याच माणसानं मला खोटा ठरवलं. शटर खाली ओढून मी तुम्हाला शिव्या दिल्या, अण्णा. मोठ्यानं दिल्या. मालवणीतून दिल्या, म्हणजे तुम्हाला नीट कळाव्यात.

संध्याकाळी ती आली. खरं सांगायचं ठरलं होतं, ते सांगितलं: बोनेटच्या दोन्ही कडा हातानं भरलेल्या आहेत, ओरिजिनल म्हणून लावलीत तर जाणकार माणूस पकडेल. मला वाटलं तिचा चेहरा उतरेल. तर ती म्हणाली, ‘म्हणजे भरलेलं अजून कळतं! मला तेच बघायचं होतं. कडा भरल्यात हे माहितीय मला.’

‘कसं काय?’

‘मी होते ना तेव्हा. दहा-अकरा वर्षांची असेन. दसऱ्याच्या दिवशी ते पेंटर स्वतः गाडी घेऊन घरी आले. पप्पा आत या म्हणत होते, ते येईनात, दारातच उभे. म्हणाले, साहेब, दोन्ही कडा माझ्यामुळे गेल्या. डावी गेल्याच वर्षी गेली होती, मी लपवली. परवा मुलावर ओरडलो, पण त्याची चूक नाही. त्यानं एकच फेरी मारली. पोराचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पप्पा ही गोष्ट ज्याला त्याला सांगायचे. म्हणायचे, असा माणूस मी बघितला नाही.’

‘एकच फेरी’ हे शब्द मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. म्हणजे तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्ही ते बोलूनही दाखवलंत, दोन दिवसांच्या आत, परक्याच्या दारात उभं राहून. आणि दहा बाय बाराच्या खोलीत तीन फुटांवर झोपणाऱ्या मला नाही! का, अण्णा? डॉक्टरांकडे फार तर गिऱ्हाईक तुटलं असतं. माझ्यापाशी काय तुटणार होतं तुमचं? परवापासून मी हाच प्रश्न घोळवतोय. तुमच्यावरचा राग धरून ठेवायचाय आणि तो धरवत नाही, याचाच मला जास्त राग येतो. हात हलका आहे, असं म्हणालात तुम्ही. मला ते गाडीवाल्या बाईंकडून कळावं?

‘ते पेंटर माझे वडील,’ मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ‘मग तो मुलगा...’ मी म्हटलं, ‘मीच.’

तुमचा पत्ता असता तरी हे मी पाठवलं नसतं, कारण पाठवायचं तर पुढचंही लिहावं लागतं. बोनेटला मी मशीन लावलं नाही, हातानंच चमकवलं आणि तुमच्या दोन्ही पट्ट्या होत्या तशा ठेवल्या. तिनं चावी घेतली, गाडीत बसली, काच खाली केली आणि अगदी कौतुकानं विचारलं, ‘म्हणजे हे सगळं तुम्ही त्यांच्याकडेच शिकलात ना?’ ‘कुठे शिकलात?’ हे मला गेली नऊ वर्षं येईल तो माणूस विचारतो. मशीन किती दाबायचं, पॅड कधी बदलायचा, कडेला बोट कसं चालवायचं, सगळं तुमचं, तरी माझं उत्तर ठरलेलं असतं. तेच तोंडातून गेलं. ‘नाही,’ मी म्हणालो, ‘माझं मीच शिकलो.’ ती ‘अच्छा’ म्हणाली. तिनं आरसा नीट केला, पट्टा लावला, गाडी हळूहळू मागे घेतली. तोवर मला बोलायला पुष्कळ वेळ होता, अण्णा. मी काही बोललो नाही.