रोहण्याहून समुद्राची खबर

रोहणा, ता. आर्वी
शुक्रवार, सकाळी कूलरमध्ये पाणी भरून झाल्यावर

व्याहीबुवा बापूरावजी यांस रूपरावचा आदरपूर्वक रामराम. तीर्थरूप लिहावं तर आपण माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि नुसतं बापूराव लिहावं तर आपण मुलाकडचे. तेव्हा ‘व्याहीबुवा’ या शब्दात जेवढा म्हणून मान बसतो तेवढा सगळा धरून घ्यावा, आणि कमी पडल्यास हक्काने मागून घ्यावा. आपला गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं बाटलीकडे पाहून ठेवून देता? नाचणगावात ऊन कसं काय? आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी दोनदा विचार करतं. बाकी इकडे सर्व खुशाल आहे. (हे आपलं रीत म्हणून लिहिलं. खुशाल असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं?)

फोनच करणार होतो. पण आपला फोन नेहमी विहीणबाई उचलतात. मागच्या खेपेला मी आपल्यासाठी म्हणून फोन केला आणि आनंदाबाईंशी लोणच्याच्या कैऱ्यांवर अर्धा तास बोलून ठेवला. आपला मागून फक्त खोकल्याचा आवाज आला. शिवाय आज जे सांगायचं आहे ते माझ्याच कृपेने अर्धंमुर्धं त्यांच्या कानावर आधीच गेलेलं आहे, आणि त्याचा जो परिणाम झाला तो पुढे येईलच. म्हणून आमच्या गावात मोबाइलचं दुकान चालवणारा मुकेश आज माल आणायला पुलगावला निघाला आहे, आणि नाचणगाव पुलगावला लागूनच, म्हणून त्याच्या हाती ही चिठ्ठी देतो. चिठ्ठी थोडी लांबेल. पाणी पिऊन घ्या.

तर गोष्ट अशी की धोंड्याचा महिना अर्ध्याच्या वर सरला, आणि आमच्या सुरभीचा व आपल्या रजतचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारसे आणि दिवा ठेवून ताम्हन हाती द्यायचं, पाया पडायचं, एवढंच तर आहे. पण तो आलाच नाही तर हा महिना पुन्हा उगवणार तीन वर्षांनी, आणि तोवर गावाचं तोंड कोण धरणार? आमच्या कौशल्याबाईने महिना लागायच्या आधीच अनारशांचं पीठ करून ठेवलं. ते डब्यात बसून आहे आणि ती डब्याशेजारी बसून आहे. लेक येणार म्हणून तिने माडीवरच्या खोलीला चुना मारून घेतला, तो मारताना मी शिडीवरून उतरत असता शेवटची पायरी नव्हतीच, हे वेगळं. (गुडघ्याच्या बाबतीत आता आपण दोघे बरोबरीत.)

आणि जावईबुवा काय करतात, तर येत नाहीत. आपण नाचणगावात ‘पोरगा पाणीखात्यात आहे’ असं सांगता हे मला ठाऊक आहे. आपलं चुकतं असं मी म्हणणार नाही; पाणी आहे, भरपूर आहे, फक्त खातं नाही. हिंगणघाटच्या गिरणीतली आपण खटपट करून लावून दिलेली नोकरी सोडून पोरगा कोकणात गेला आणि लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं कसं राहायचं हे लोकांना शिकवू लागला, याचा आपल्याला राग येणं मी समजू शकतो. मीही मुलगी देताना चार दिवस जेवलो नव्हतो. (जेवलो होतो, पण चव लागली नव्हती.) पण मुलगा सरळ आहे, सुरभी सुखात आहे, तेव्हा माझं काही म्हणणं उरलं नाही. म्हणणं एवढंच की धोंड्याला या. तर दर फोनला एकच उत्तर, “मामाजी, सध्या लाटा चांगल्या हायेत, शिकणारे येऊन राह्यले. लाटा बसल्या की निघतोच.”

आता लाटा कधी बसणार हे कोणाला विचारायचं? पाऊस कधी येणार हे विचारायला आपल्याकडे माणसं आहेत, रेडिओ आहे, नाहीतर मुंग्या आहेत. लाटांचं रोहण्यात कोणालाच काही कळत नाही. म्हणून मी मुकेशकडे गेलो. तो म्हणाला, समुद्राचंही भाकीत येतं, फळीवाल्यांसाठी वेगळं ॲप असतं. लगेच माझ्या मोबाइलमध्ये भरून दिलं. कुठला किनारा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, समुद्राचा. तेवढ्यात मोबाइलनेच जवळचा किनारा दाखवू का असं विचारलं, मुकेशने हो म्हटलं, आणि काम झालं. हल्लीच्या यंत्रांची मला खरंच कमाल वाटते.

व्याहीबुवा, त्या दिवसापासून मी रोज पहाटे, दात घासायच्या आधी, समुद्र पाहतो. लाटेची उंची किती, एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते, वारा जमिनीवरून पाण्याकडे की पाण्यावरून जमिनीकडे, भरती कधी, ओहोटी कधी, सगळं येतं. सर्वात वर एक छोटा माणूस फळीवर उभा असतो. तो हिरवा असला तर दिवस चांगला, लाल असला तर घरी बसा. पहिल्यांदा मला काही उमजेना. पण ज्याने जन्मभर कपाशीवरची बोंडअळी ओळखली त्याला भरती-ओहोटी ओळखायला काय लागतं? आठवडाभरात तानबाच्या चहाच्या टपरीवर लोक माझी वाट पाहू लागले. “रूपरावजी, आज किती?” मी सांगायचो, कमरेएवढी. मग कोणी म्हणायचं कालच्यापेक्षा कमी आहे, कोणी म्हणायचं वारा फिरला असेल. ज्यांनी नदीसुद्धा फक्त पुलावरून पाहिली ते लोक लाटेच्या सेकंदांवर वाद घालू लागले. ओहोटी आहे असं कळल्यावर तानबाने एकदा आर्वीला जायचं रद्द केलं. का केलं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

इथवर सर्व आनंदात होतं. मग गडबड सुरू झाली. एका सकाळी माझ्या मोबाइलवर समुद्र अगदी परातीतल्या पाण्यासारखा निवांत. मी लगोलग फोन लावला, या म्हटलं, आता तर लाटा बसल्या. रजत म्हणतो, “काय सांगता मामाजी, आज तं डोक्याएवढ्या हायेत!” मी मोबाइल पुसून पुन्हा पाहिला. परातच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि त्यानंतर जे झालं त्याने तर माझी खात्रीच पटली. मोबाइलवर वादळाचं लाल चिन्ह आलं, लाटा घराएवढ्या, छोटा माणूस पार लालभडक. कौशल्याबाईने देव पाण्यात घातले. टपरीवर चहा बंद झाला, लोक नुसते बसून. मी फोन लावला, तर सुरभीने तोच व्हिडिओवर घेतला, आणि काय पाहतो? मागे समुद्र असा शांत की त्यात चार-पाच लहान पोरं फळीवर पालथी पडून हात मारताहेत, आणि जावईबुवा वाळूत बसून टरबूज खाताहेत! मी लगेच फोन ठेवला आणि कौशल्याबाईला सांगितलं की हे जुनं शूटिंग आहे, आपल्याला दाखवायला लावलेलं आहे.

तिने देव पाण्यातून काढले, पुसले, आणि मला म्हणाली, “जवाई रुसले हो आपले. खोटं कोणी उगाच नाई बोलत. काऊन रुसले, ते पाहा.”

मग आमच्या घरात शोध सुरू झाला. लग्नात त्याच्या पंगतीला आमरस पातळ होता का? (होता. पण सगळ्यांनाच होता.) आहेरात सफारीचं कापड दिलं, आणि तो बाराही महिने अर्ध्या चड्डीत असतो, हे त्याला टोमण्यासारखं वाटलं का? वऱ्हाड उतरलं त्या जानोशाच्या खोलीत जनरेटर बरोबर उशाशी ठेवला होता तो? का तानबाने मांडवात सर्वांसमोर विचारलं, “पण बुवा, पोट भरायला काय करता?” ते? आम्ही दोघं रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकेक कारण काढायचो, आणि जो झोपेल त्याला दुसरा उठवायचा. चूक कुठे झाली ते कळत नाही आणि माफी मागायची तर नेमकी कशाची, हे मोठं वाईट असतं. लेक आठशे-हजार किलोमीटरवर, जावई रुसलेला, आणि महिना सरत चाललेला. मला खरोखर घास गोड लागेना.

त्याच अवस्थेत मी ती चूक केली. आनंदाबाईंचा फोन आला (कैऱ्या), आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आपला रजत मला रोज लाटांचं खोटं सांगतो, माझ्याकडे पुरावा आहे. माउलीने कैऱ्या अर्ध्यावर टाकून फोन ठेवला. नंतर सुरभीकडून कळलं की त्या दिवसापासून त्यांनी कारण न सांगता रजतशी बोलणं टाकलं आहे. म्हणजे आपलं तर त्याच्याशी आधीच जेमतेम ‘बरा आहेस ना’ एवढंच, आणि आता आईचंही बंद.

तेव्हा हात जोडून विनंती अशी की आपण मुलाकडचे असलात तरी मुलाचे वडीलही आहात. आपला राग थोडा बाजूला ठेवून त्याला एकदा विचारा, की बाबा, सासऱ्यावर कशासाठी रुसलास. जे असेल ते मी दुरुस्त करतो. आमरस पुन्हा करू, घट्ट करू. जनरेटर ज्याचा होता त्यालाही दोन शब्द सुनावू. विहीणबाईंना नमस्कार सांगावा (पण पत्र दाखवू नये), गुडघ्याला तेल लावावं, आणि उत्तर मुकेशच्याच हाती द्यावं.

आपला नम्र,
रूपराव

ता. क. मुकेशने गाडी चालू केली आणि तेवढ्यात सुरभीचा फोन आला. त्याला थांबवून हे लिहितो आहे. तो उन्हात उभा आहे, म्हणून थोडक्यात. पोरं येताहेत! कोकणात पाऊस टेकला, किनाऱ्यावर लाल बावटा लागला, शिकवणी आजपासून बंद. रविवारी सकाळी पुलगावला उतरतात. मी मात्र तोंड फुगवून बोलून गेलो की बावटा कसला, माझ्या मोबाइलवर तर समुद्र आजही चकचकीत आहे, माणूस हिरवा आहे. ती म्हणाली, “बाबा, त्या स्क्रीनचा फोटो पाठवा बरं.” पाठवला. मग पलीकडे रजत जो हसायला लागला तो थांबेचना. शेवटी म्हणाला, “मामाजी, हा समुद्र आमचा नोहे. हा तिकडचा हाय, पूर्वेकडचा. फळीवाल्या किनाऱ्यांत रोहण्याहून थोच जवळ पडते!” व्याहीबुवा, आपण देशाच्या अशा मधोमध बसलो आहोत की यंत्राला जवळचा किनारा विचारला तर ते उगवतीचा दाखवतं, आणि आपला पोरगा बसला आहे मावळतीला. नाव वर लिहिलेलं होतं म्हणे. आम्ही सगळं गाव खालचे आकडे वाचत होतो. वरचं पत्र फाडणार होतो, पण मग माझ्या मूर्खपणाचं हे खालचं आपल्याला कळलं नसतं. पोरगा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता; हे आनंदाबाईंना आजच्या आज सांगा, मी सांगायला गेलो तर पुन्हा कैऱ्या निघतील.

ता. क. दुसरा. वर लिहायचं राहून गेलं ते असं, की हसणं थांबल्यावर रजतने फोन सुरभीकडून आपल्या हातात घेतला. मग म्हणाला, “तुम्ही रोज पाह्यत होते, मामाजी? रोज?” मी म्हटलं, दात घासायच्या आधी. तर म्हणतो, “आमच्या घरून इतक्या वर्षांत कोणी इचारलं नाई, आज पाणी कसं हाय म्हणून.” आपल्याला टोचावं म्हणून लिहीत नाही; पण माझ्याशी बोलताना त्याचा आवाज जसा झाला तो आपण ऐकायला हवा होता, मी नव्हे. तेव्हा खरी विनंती ही धरावी: त्याला एकदा विचारा, पाणी कसं होतं. तो सेकंद, वारा, काय काय सांगू लागेल, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. मलाही कळत नव्हतं. मध्ये मध्ये ‘अस्सं का’ म्हणावं. तो बोलत राहतो.

ता. क. तिसरा. मुकेश हॉर्न वाजवतो आहे. पोरांना घ्यायला पुलगाव स्टेशनवर मी येणार असं मी रजतला सांगून ठेवलं आहे. पण रविवारी सकाळी माझी गाडी बंद पडणार आहे, आणि आपलं घर स्टेशनच्या इतकं जवळ, की आपल्यालाच जावं लागेल. एवढा अंदाज माझा चुकणार नाही.