नीलम्माच्या ओसरीतनं फोटो

१९ ऑक्टोबर

माझा नुसता पदर आला. फोटोत.

शिवलीला माझी नात. सोलापुरात लग्नाचे फोटो काढते. दिवाळीला आली ती गळ्यात कॅमेरा अडकवूनच. आज आम्हा सगळ्यांना दारात उभं केलं आन् मागं मागं सरकत गेली. आमचा बोळ तो केवढा? लगेच तिची पाठ समोरच्या नीलम्माच्या ओट्याला लागली. फोटोत मधली माणसं आली, थोरला ईरण्णा अर्धा, आन् माझा पदर.

हे लिहितीयबी तीच. मला अक्षर येत न्हाय, म्हणून मधी आपलं घुसडायला जातीय. धाकट्या सुनेकडनं, सोनालीकडनं, वाचून घेणार हाय मी.

२० ऑक्टोबर

ईरण्णा म्हणला, "आई, शेतात जाऊन काढू की. तिथं लई जागा."

शेतातला फोटो कुणाचाबी असतो. मला माझं दार पायजे, आन् दारात माझी सगळी माणसं. भाऊबीज झाली की पांगतील.

ईरण्णाच्या कुलदीपनं फोन काढला. त्यात सगळी बसली, पण कडेची मी म्हशीएवढी रुंद.

शिवलीला म्हणली, "आजी, फोनची काच लई पसरून बघते. कडेची माणसं ताणली जातात."

माझ्यात ताणायला काय शिल्लक हाय?

२१ ऑक्टोबर

करंज्या तळताना विचारलं, एवढा दांडगा कॅमेरा आन् माणसं का बसंनात?

शिवलीलानं मला चुलीपुढनं उठवून खिडकीशी नेलं. "नाक लाव." लावलं. अख्खा बोळ दिसला, नळापासनं पार लिंबापर्यंत.

"आता परत चुलीपाशी बस." बसले. खिडकी तीच, पण दिसलं नुसतं नीलम्माचं दार.

म्हणली, "कॅमेऱ्याचंबी असंच. आत चित्र उमटतं तो सेन्सर. काच त्याच्यापासनं जेवढी लांब, तेवढं कमी दिसतं. माझी काच लांबची, पन्नास मिलिमीटरची. काच म्हंजे तू, आन् सेन्सर म्हंजे ही खिडकी. माझ्या कॅमेऱ्याची खिडकी ल्हान. मोठ्या सेन्सरला हीच काच लावली असती, तर तू पदरासकट आली असतीस."

"मग दुसरी काच लाव."

"एकच हाय."

"मग?"

"मग मागं जायचं. नीलम्मा आजीच्या ओसरीत."

करंजी करपली.

२२ ऑक्टोबर

नीलम्मा माझी जाऊ. वाटणीत सासूबाईंचा पाटा तिच्याकडं गेला आन् वरवंटा माझ्याकडं. ती पाटा देईना, मी वरवंटा देईना. तवापासनं दोघी मिक्सरची चटणी खातोय — आन् बोलत न्हाय. पोरंबाळं जातात-येतात, आम्ही दोघीच न्हाय. लईच नड पडली तर शेळीला सांगायचं. समोर ऐकू जातं.

आज दारात बसून शेळीला म्हणलं, "शेळे, फोटोसाठी आमच्या पोरीला कुणी घडीभर ओसरीत उभं राहू देतंय का बघ."

समोर नीलम्मा झाडत होती. झाडूला म्हणली, "पोरीला ये म्हणावं. शेळीला आणू नको."

शिवलीला पोट धरून खाली बसली.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. सगळी नटून दारात. शिवलीला नीलम्माच्या ओसरीत, पार मागच्या भिंतीला टेकून.

"बसली! सगळी बसली."

मी कॅमेऱ्याकडं बघायला गेले, तर त्याच्या बाजूला नीलम्मा दिसली. खांबाला धरून उभी. आमच्याकडं बघत.

म्या विचारलं, "कडेला अजून जागा हाय का गं?"

"एका माणसाची हाय. सरकलात तर."

शेळी चरायला गेलेली. सांगायला कुणी नव्हतं.

"नीलम्मा, बा," म्हणलं. तिच्या माहेरच्या कानडीत. 'ये' म्हणून.

तिनं पदर नीट केला. ओटा उतरून बोळ ओलांडला. माझ्या खांद्याला खांदा लावला आन् म्हणली, "सरक. एकटीच रुंद झालीस."

फोटोत माझं तोंड उघडं हाय. हसताना. राहू दे म्हणलं.

२५ ऑक्टोबर

शिवलीला गेली. आज सोनाली लिहितीय.

वरवंटा घेऊन नीलम्माकडं गेले. चटणी वाटता वाटता तिला खिडकीचं सांगितलं — चुलीपाशी बसलं की मला नुसतं तुझंच दार दिसतं.

तिचा हात थांबला न्हाय. म्हणली, "माझी चूल आधी मागल्या भिंतीला होती. वाटणी झाल्यावर म्या ती बोळाकडच्या खिडकीसमोर आणली."