मागच्या खोलीची खिडकी

रेवेन्सबी,
४ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय जूडिथ,

तू आणि डेरेक दोघंही मजेत असाल. माझी तब्येत आहे तशीच आहे. गुडघे कुरकुरतात आणि समुद्रावरचा वारा दाराच्या फटीतून हक्काने घरात येतो. आईच्या अंत्यविधीनंतर मी पहिल्यांदाच तुला लिहितोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र चुलीत टाकलं नसशील तर पुढे वाच.

गेस्टहाउस मी बंद केलं. हल्ली या गावात राहायला येतं कोण? एकटा एक पेन्शनर दारात पाटी लावून बसला म्हणून पाहुणे येत नाहीत. तेव्हा ठरवलं की घराचे चार फ्लॅट करायचे, तीन भाड्याने द्यायचे आणि तळमजल्यावर आपण राहायचं. हे जमलं नाही तर मार्चपर्यंत घर विकावं लागेल, बँकेने तसं स्वच्छ सांगितलंय. आईबाबांचं घर विकायचं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

पण आपल्याच घरात चार भिंती घालायच्या तर नगरपालिकेची परवानगी लागते बाई! अर्ज दिला. त्यांनी घरासमोरच्या दिव्याच्या खांबाला नारिंगी नोटीस बांधली, की कोणाची हरकत असेल त्याने कळवावं. शेजारच्या ऑगलबाईंच्या कुत्र्याने त्याच दिवशी त्या नोटिशीवर आपलं मत नोंदवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी नोंदवलं. चार फ्लॅट म्हणजे कचऱ्याचे किती डबे, गाड्या लावणार कुठे, गच्चीवर तरुण पोरं बिअर पिणार, अशी दोन पानं. रस्त्यात भेटल्या तेव्हा मात्र गोड हसून म्हणाल्या, "माल्कम, मनावर घेऊ नकोस हं. तुझ्याविरुद्ध काही नाही, फक्त तुझ्या घराविरुद्ध आहे."

नकाशा तीनदा परत आला. एकदा डब्यांवरून, एकदा जिन्यावरून, आणि तिसऱ्यांदा पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीवरून. आपला नकाशे काढणारा गिलरॉय वैतागला. "मिस्टर थ्वेट, एक रेघ बदला आणि मोकळे व्हा. त्या खोलीला सामानाची खोली म्हणण्याचा हट्ट कशाला? एवढी मोठी खोली, बाहेर समुद्र. कोणीही तिथे झोपायची खोली करेल." मी त्याला म्हटलं, तू रेघा ओढ, अक्कल शिकवू नकोस. आवाज जरा चढलाच माझा.

कोणती खोली ते तुला कळलंच असेल.

गेल्या गुरुवारी परवानगी खात्याची बाई स्वतः बघायला आली. मिस फॅरो. वयाने आपली नात शोभेल, पण नजर मोठी तयारीची. सगळं घर फिरली आणि त्या दारापाशी थांबली. मी म्हटलं, "सामान आहे आत." तिने सरळ दार उघडलं.

"सामानाच्या खोलीत पलंग घातलाय?"

"जुना आहे. टाकवत नाही."

"त्यावर धुतलेली चादर आहे. आणि उशाशी पाण्याचा ग्लास." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मिस्टर थ्वेट, तुमच्या सामानाला तहान लागते का हो?"

ती खिडकीपाशी गेली आणि खालची चौकट वर सरकवायला बघू लागली. हलली नाही. बाबांनंतर मारलेल्या रंगाखाली ती कधीचीच चिकटून बसली आहे. ती म्हणाली, "ही झोपायचीच खोली आहे. आग लागली तर इथून माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. ही खिडकी उघडती करा, मग मी सही करते. बाकी माझी काही तक्रार नाही."

जिना उतरताना तिने विचारलं, "घरात तुमच्याशिवाय कोण असतं?" मी म्हटलं, कोणी नाही. तिचा हात मानेशी गेला. आत जाताना तिच्या कोटाची कॉलर एका बाजूला वर उभी होती, मी पाहिली होती. आता ती नीट दुमडलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर फक्त खिडकीचंच लिहिलं. भली पोर आहे.

जूडिथ, त्या सकाळी तू पहिल्या गाडीने धावतपळत आलीस तेव्हा त्याच खोलीत आई जाऊन तास झाला होता. तू कोटही न काढता खिडकीकडे गेलीस. आपल्याकडे आजीच्या वेळी उघडली, बाबांच्या वेळी उघडली. माणूस गेलं की खिडकी उघडायची, त्याला वाट द्यायची. आणि मी तुझा हात धरला. "जानेवारीत खिडकी उघडून सगळा समुद्र गरम करायचाय का?" असं म्हणालो. तू म्हणालीस, "चार पैशांच्या गॅसपायी आईला अडवतोस? चिकटपणाची हद्द झाली, माल्कम." तेव्हापासून तू अबोला धरलास.

चिकट मी आहेच. पण ते गॅससाठी नव्हतं. ती जाऊ नये म्हणून होतं. लग्न केलं नाही, मुलंबाळं नाहीत, साठ वर्षं मी त्या एका बाईच्या हाताखाली या घरात काढली. मला दुसरं काही येत नव्हतं गं.

आणि ती गेली नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात पॉकलिंग्टन म्हणून एक गृहस्थ त्या खोलीत राहिले होते. सकाळी अंडी खाताना म्हणाले, "तुमच्या आईंना माझे आभार सांगा. रात्री येऊन माझं पांघरूण नीट केलं त्यांनी." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण मी आतून कडी लावली होती हो." त्यानंतरची एक बाई तर चहा अर्धा टाकूनच गेली. मी त्या खोलीत पाहुणे ठेवणं बंद केलं. दुपारी चहा घेऊन मीच तिथे बसू लागलो. आई दिसत नाही. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला माझा स्वेटर घडी होऊन मिळतो, एवढंच. मला तेवढं पुरत होतं.

पण या वर्षी तेही थांबलंय. स्वेटर टाकतो तसाच पडून असतो. मी लावलेला पडदा मात्र रोज सकाळी बाजूला सारलेला असतो. काच धुक्याने भरली की आतल्या बाजूने बोटं टेकल्याच्या खुणा दिसतात, अगदी खाली, चौकटीशी, जिथे धरून ती वर सरकवायची तिथे. मिस फॅरोची कॉलर तिने सारखी केली. माझ्याकडे आता ती बघतसुद्धा नाही. मला वाटायचं, मी तिला सांभाळतोय. मी तिला कोंडून ठेवलंय, जूडिथ.

खिडकी उघडली तर घर राहील आणि आई जाईल. नाही उघडली तर घर विकलं जाईल आणि ती परक्यांच्या हातात, त्याच काचेशी उभी राहील. इतके महिने मी नगरपालिकेला शिव्या दिल्या, ऑगलबाईंना दिल्या, बिचाऱ्या गिलरॉयलाही दिल्या. अडून बसलो होतो मी.

शनिवारी सकाळी सुतार येणार आहे. रंग खरवडून चौकट सुटी करेल. वर सरकवू नकोस म्हणून त्याला बजावलंय. ती चौकट जड आहे; बाबा म्हणायचे, दोघांनी धरल्याशिवाय ती हलत नाही. एक बाजू मी धरेन. दुसरी तुझी आहे, तेव्हाही तुझीच होती.

शुक्रवारच्या गाडीने ये. मी स्टेशनवर उभा असेन. येताना जाड कोट आण, कारण खिडकी दिवसभर उघडी ठेवायची आहे, आणि हीटिंग चालूच राहणार आहे.

समुद्र गरम करायला निघालेला तुझा भाऊ,
माल्कम