सुईच्या भोकांची रेघ

बाबा, आज दुपारी दुकानात तुमचा बिस्किटांचा डबा उघडला. मलकापूरला तुमच्याइतक्या जुन्या शिलाई मशिनी कोणी दुरुस्त केल्या नसतील, आणि प्रत्येकीची निशाणी त्या डब्यात आहे. मशीन जुळवून झाली की तुम्ही बिनदोऱ्याच्या सुईखाली वहीच्या कागदाची पट्टी घालायचात, पायाखालचा पायटा हलवायचात आणि पट्टी उजेडात धरून बघायचात. भोकांची रेघ सरळ आली तरच मशीन गिऱ्हाइकाच्या हाती. पट्टीवर तारीख टाकायची आणि ती डब्यात. तुमच्यामागे मीही तेच करते.

तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात. मी बारावीत होते. कॉलेजातून येता येता दुकानात डोकावले, पट्टी उचलली आणि शहाणपणा केला, "बाबा, मशीन वाकडी चालून राह्यली." तुम्ही पट्टी हिसकावून घेतलीत. "मशीन बरोबर हाय. तू तुयं काम कर." दोन दिवस मी तुमच्याशी अबोला धरला. त्यानंतर तुम्ही पट्टी गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायला लागलात, वापरायची तुम्हाला तर चालवून तुम्हीच पाहा म्हणून. लोक खूश व्हायचे. माझे बाबा गिऱ्हाइकाला किती मान देतात, असं मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे. मशीन खरंच बरोबर होती आणि कागद धरणारा हात वाकडा जात होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर चहाचा ग्लास तुमच्या हातात ठरत नव्हता. मी घास भरवायला बसले की तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवायचात.

आज तुम्ही स्वतःच्या हाताने धरलेल्या शेवटच्या पट्ट्या काढून माझ्या या महिन्यातल्या पट्ट्यांशेजारी मांडल्या. चष्मा पुसला. सुई बदलली, खालचे दाते साफ केले, पुन्हा पट्टी घातली. रेघ तशीच, अगदी तुमच्यासारखी हेलकावत गेलेली. मला भीती वाटते, बाबा. लेक म्हणते, आई, अकोल्याला डॉक्टरांना दाखवून येऊ, आणि मी लग्नसराईच्या कामाचं निमित्त सांगते. मला भिंतीकडे तोंड करून बसायचं नाही.

मी हे मांडून बसलेलीच होते, तेवढ्यात डोणगावची एक बाई तिची मशीन न्यायला आली. मी पट्टी सुईखाली धरली, आणि बोटं ऐकेनात. ती माझ्या हाताकडेच बघत होती.

"तुमीच चालवून पाहा ताई," मी म्हटलं. "वापरायची तर तुमालेच हाय."

ती हसली. म्हणाली, एवढा मान कोण देते आजकाल.

तिची रेघ सुतासारखी सरळ आली. ती गेल्यावर मी त्या पट्टीवर तारीख टाकली, अक्षर थोडं हललंच, आणि माझी म्हणून डब्यात ठेवली. हे पत्रही तिच्याच खाली ठेवते आहे. लेक तो डबा कधी उघडत नाही.