लाभाचं बटण

रोहा, मार्गशीर्ष

ती. महिपतीमामांच्या चरणी शांतीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि गडबच्या शेतातला वाल दोन्ही ठीक असतील. इकडे बाबा ठणठणीत. आईही बरी आहे, पण माझ्या मुंबईचं नाव निघालं की भांडी जोरात घासते. (फोनवर तुम्ही नुसतं "व्हय व्हय" करून ठेवून देता, म्हणून हे पत्र.)

मामा, माझी बेरजेची पेटी तयार झाली! बटण दाबलं की एक मिळवते, आणि दोन पेन्सिल सेलवर अख्खा हंगाम काढेल. ज्या भागाला काम नाही त्यानं झोपून राहायचं, वीज खायची नाही, असं सर्किट मी आखलंय. (हे तत्त्व आमच्या पुंडलिककाकांना ओटीवर बघून सुचलं, फक्त ते झोपूनही खातात.) शिवाय चूक होऊ नये म्हणून आत तीन बेरजा वेगवेगळ्या चालतात, तिघींत दोघी म्हणतील ते खरं. बाबांची अट तुम्हाला ठाऊक आहेच. पेटीनं खळ्यावर भात बरोबर मोजलं तर मुंबईला चिप आखायचं पुढचं शिक्षण, नाय तर इथंच कंपनीत शिफ्ट.

तर परवा मोजणी झाली. भात मापून देणारा मापारी आपला विठूकाका, पेटी त्याच्या मांडीशी, दर मापाला बटणही त्यानंच दाबायचं. शेवटी त्याच्या तोंडी मोजणीशी आकडा जुळवला तर पेटी एकानं कमी. आतल्या तिघीही एकमतानं चुकलेल्या, एवढं एकमत आपल्या घरात कधी झालं नाही. बाबा टोपी झटकून आत गेले. आईनं संध्याकाळी गोड केलं. मी सेल बदलले, एकेक जोड भिंगातून पाहिला, अगदी रडकुंडीला आले. मग विठूकाकाला पुन्हा मोजायला बसवलं, आणि सापडलं की हो! तुमच्यासारखाच तोही पहिल्या मापाला "एक" म्हणत नाही, "लाभ" म्हणतो, आणि लाभाला बटण दाबतच नाही. विचारलं तर म्हणतो, "तो देवाचा हाय गो. देवाला बटण कसा दाबायचा?"

मी खळ्यावरच नाचले. लगेच पेटी अशी केली की सुरू होतानाच तिच्यात एक असेल. रविवारी पुन्हा मोजणी आहे, आता मुंबई पक्की. मामीला नमस्कार, धाकट्यांना पापा.

तुमची लाडकी,
शांती

ता. क. आत्ताच विठूकाका येऊन गेला. म्हणाला, भिऊ नको, देवाला नारळ ठेवून परवानगी घेतलीय, रविवारी लाभालाही बटण दाबतो. म्हणजे आता पेटी एकानं जास्त! मी कपाळावर हात मारला. नारळ कुणी दिला विचारलं, तर आधी मागंपुढं बघितलं. मग म्हणाला, "तुझ्या बापानं. तुला सांगू नको म्हणालाय."

आणखी ता. क. पेटी मी पहिल्यासारखी करून ठेवलीय, ती काळजी नको. काम दुसरंच आहे. मुंबईसाठी माझं मत होतंच, बाबांचंही निघालं. तिघांत दोघं झाली, सर्किटला तेवढं पुरतं. मला मात्र घरातून निघताना तिसरं, आईचंही हवंय. ती तुमची बहीण आहे, तुमचं ऐकते. शनिवारीच या. फोनवर तुम्ही एवढे "व्हय" खर्च करता मामा, एक तिच्या तोंडून काढून द्या.