चेंडू परत येईपर्यंत

३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी साडेसातला खोलीवर पोचले. तुझ्याकडे माझ्या भिंगरीची तब्येत चांगली वाटली. खालची दाढ आली आहे. तुझ्या पाळणाघरात ती रमली आहे, हे दिसलं.

निघताना तुला सांगितलं नाही, म्हणून लिहिते. गेल्या खेपेला मी गेल्यावर ती बावीस मिनिटं रडली, असं तूच कळवलं होतंस. काल ती चटईवर त्या लाकडी खोक्यात चेंडू टाकत बसली होती. मूल कामात असताना मध्ये पडायचं नाही, हा तुझ्या घरातला पहिला नियम. तेव्हा चपला हातात घेऊन मागच्या दाराने निघाले. रडणं शून्य. यापुढे असंच करावं म्हणते.

त्या खोक्यात दोष आहे. वरच्या भोकातून टाकलेला चेंडू आतल्या उतारावर अडकतो आणि ठोकल्यावरच बाहेरच्या तबकात येतो. इथल्या वर्कशॉपमध्ये नवं करून पाठवते आहे. त्यात चेंडू अर्ध्या सेकंदात बाहेर येईल.

साहेबांनी इथली नेमणूक आणखी सहा महिने वाढवायची का, असं विचारलं आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. तिचा बाबा जहाजावरून वर्षअखेरीशिवाय येत नाही. काल माझं जाणं तिला कळलंही नाही. त्यावरून ‘हो’ म्हणायला हरकत दिसत नाही.

लोभ असेलच, तो तसाच राहू दे.

तुझी भाची

८ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. कडा इतक्या गुळगुळीत की मीच दोनदा हात फिरवला. तुझ्या भिंगरीने मात्र तीनदा चेंडू टाकला आणि उठून गेली. जुनं घेऊन बसली. जुन्यात चेंडू अडकतो, मग ती गाल जमिनीला टेकून आत बघते, झाकणावर थापट्या मारते, माझ्याकडे बघते. चेंडू आला की अशी हसते की बाकीची चार पिल्लंसुद्धा हातातलं टाकून धावत येतात. इंजिनिअरीणबाई, तुझ्या खोक्यात चेंडू हरवतच नाही, तर तो सापडायचा कसा?

आता दुसरं. रागावू नकोस, पण मी रागावले आहे. तू गेलीस त्यानंतर तासाभराने तिने मान वर केली. तू बसली होतीस ती जागा पाहिली, मोरीत पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. रडली नाही, हे खरं. पण सोमवारपासून ती भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसते. खालच्या फळीवरून कामाचं तबक आणते, ठेवते, दार बघते. पूर्वी एका कामात वीस मिनिटं जायची, आता दोनही नाहीत. मध्ये पडायचं नाही हा नियम मुलाचं लक्ष मोडू नये म्हणून आहे, मोठ्यांना पळ काढता यावा म्हणून नाही. बावीस मिनिटांचं रडणं बाविसाव्या मिनिटाला संपलं होतं. हे अजून संपलेलं नाही.

पुढच्या खेपेला तिच्यासमोर बस, जाते म्हणून सांग, आणि मग जा. तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. मी तिला दहा वर्षंही सांभाळीन. पण तिला कळलं नाही या भरवशावर काही ठरवू नकोस.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चूक माझी आहे. मी रडण्याचा वेळ मोजला, वाट बघण्याचा मोजला नाही.

नवं खोकं या खेपेला इकडे परत आणते, आतला उतार कमी करीन. रविवारी, १६ तारखेला, अकराला पोचते. चारला सांगून निघेन.

याहून जास्त आज लिहिता येत नाही. समजून घेशील.

भाची

२० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुला आकडा लागतो म्हणून देते: एकतीस मिनिटं. सगळी गल्ली गोळा केली पोरीने. तू गुडघ्यांवर बसून, आपण एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं तसं तिला सांगितलंस की आता मी जाते, दोन रविवारांनी येते. तिला रविवार काय कळणार, असं वाटून मला हसू येत होतं, पण तुझ्या तोंडाकडे बघून गिळलं. समोरची शिवणवाली सांगत होती की एकतीसही मिनिटं तू फाटकाबाहेरच उभी होतीस. मी तिला म्हटलं, बस चुकली असेल.

मंगळवारी भिंगरीने दाराकडे पाठ केली. छोट्या जगमधून पेल्यात पाणी ओततेय, अर्धं फरशीवर, मग फडकं आणून पुसतेय. सतरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, तुझी सवय लागली.

आता सांगितल्या दिवशी ये, म्हणजे झालं.

आत्या

३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल तू बाकीच्या मुलांना घेऊन अंगणात होतीस, म्हणून आतलं कळवते.

आधी कामाचं. साहेबांना गुरुवारी नकार दिला. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं. एक एप्रिलपासून माझी बदली परत तुझ्या गावच्या कचेरीत. तोवर भिंगरी तुझ्याकडेच असू दे. त्यानंतरही दिवसा तुझ्याकडेच, चालत असेल तर.

नव्या खोक्याचा उतार कमी केला, त्यावर जाड कापड चिकटवलं. चेंडूला आता चार सेकंद लागतात. तिने तो एकदा टाकला, गाल जमिनीला टेकला, थांबली. चेंडू आला. हसली. मला ते जवळून बघायचं होतं.

मग मी तिला सांगितलं की मी जाते आणि येते. दाराबाहेर गेले, चारपर्यंत मोजलं, आत आले. पहिल्या दोन वेळा तिचा ओठ थरथरला. तिसऱ्या वेळी ती नुसती बघत राहिली. असं अकरा वेळा केलं.

बाराव्या वेळी तिनेच उठून माझ्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि मला दाराबाहेर ढकललं.

लोभ किती आहे ते मोजलेलं नाही. असू दे.

तुझी भाची